निरर्थक अवयव आणि स्मरणाचे मापन

स्मरणशक्तीविषयी तत्त्वज्ञांनी फार प्राचीन काळापासून विचार केलेला आहे. परंतु तिचे मापन करण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. गुस्टाव फेख्नर याने १८६० साली उद्दीपक व संवेदन यांमधील संख्यात्मक संबंध मांडून दाखविला होता. १८७९ साली विल्हेल्म वुंट याने लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापिली. तथापि उच्च मानसिक व्यापार प्रयोगाच्या कक्षेत येत नाहीत, असेच त्याचे मत होते. त्याच वर्षी हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) याने स्मरणावरील प्रयोगांस आरंभ केला. १८७९-८० व १८८३-८४ अशा दोन कालखंडांत केलेले हे प्रयोग १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्याच्यापुढील पहिली अडचण सामग्रीची होती. एखादा उतारा पाठ होण्यास किती आवर्तने लागतील, हे त्यातील अर्थ, वाचकाची आवड व पूर्वपरिचय यांवर अवलंबून असते. म्हणून दोन उतारे समान एकके मानता येत नाहीत. यावर उपाय म्हणून एबिंगहाउसने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेचे सुमारे २३०० अवयव तयार केले, ते एकत्र मिसळले, आणि त्यांतून यदृच्छया निघतील तसे घेऊन मालिका रचल्या. वाचनाची गती मिनिटास १५० ठोक्यांची ठेवली. आवाजातील चढउतार शक्य तितका सारखा राखला, अवयवांची अर्थाने सांगड घालण्याचे टाळले, आणि प्रयोगाची वेळ व दिनक्रम यांतही नियमितता ठेवली. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच होता.

दुसरी अडचण मोजमापाची. जे आठवत नाही ते समूळ नष्ट झाले, असे म्हणता येत नाही. म्हणून एबिंगहाउसने ‘काय आठवते’ असे न विचारता ‘पुन्हा पाठ करताना श्रम किती वाचतात’ असे विचारले. पहिल्या पाठांतरास लागलेल्या वेळेच्या तुलनेत दुसऱ्या वेळी जितकी बचत होईल, तितकी धारणा शिल्लक आहे, असे त्याने मानले. १६३ दुहेरी चाचण्यांमधून निघालेले आकडे असे : सुमारे २० मिनिटांनंतर बचत ५८.२ टक्के, सुमारे एका तासानंतर ४४.२, एका दिवसानंतर ३३.७, सहा दिवसांनंतर २५.४ आणि ३१ दिवसांनंतर २१.१. विस्मरण प्रथम अतिशय वेगाने होते व नंतर मंदावते, हा निष्कर्ष येथून निघाला.

आता मूळ गृहीतकाकडे वळले पाहिजे. हे अवयव खरोखरच निरर्थक होते काय? बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील सुमारे ८० अवयवांचे एकेक कडवे पाठ होण्यास एबिंगहाउसला जेमतेम ९ आवर्तने लागली. तितक्याच निरर्थक अवयवांस ७० ते ८० आवर्तने लागतील, असा त्याचा हिशेब होता. अर्थाने श्रम सुमारे एकदशांशावर येतात, हे यावरून स्पष्ट होते. परंतु निरर्थक मालिकाही परस्परांशी अपेक्षेइतक्या समान नाहीत. काही फार सुलभ व काही फार कठीण ठरतात, हे त्यानेच नमूद केले आहे. १९२८ साली ग्लेझ याने अशा अवयवांची साहचर्यमूल्ये काढली, तेव्हा ती एकसारखी नसल्याचे दिसून आले. याचे कारण भाषेच्या रचनेतच आहे. मराठीत हाच साचा वापरू पाहणाऱ्यास घर, मन, फूल, पाय असे शब्द तत्काळ हाती लागतात. ते वगळले तरी उरलेले अवयव कोणत्या ना कोणत्या परिचित शब्दाच्या ध्वनिसाम्याने अर्थाकडे झुकतात. निरर्थकता ही अवयवाच्या ठिकाणी वसत नाही. ती अवयव आणि ऐकणाऱ्याची भाषा यांच्या संबंधावर अवलंबून असते.

बार्टलेट याने १९३२ साली घेतलेला आक्षेप याहून व्यापक होता. अर्थ काढून टाकल्याने स्मरण सोपे होत नाही, केवळ कृत्रिम होते. कथा आठवताना मनुष्य ती आपल्या संस्कारांनुसार नव्याने रचतो, असे त्याने प्रतिपादिले. हा आक्षेप रास्त आहे. तरीही एबिंगहाउसचा वक्र टिकला. मुरे व द्रोस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पुनरावृत्तीत, एका प्रयुक्ताकडून सुमारे ७० तास पाठांतर करवून, मूळ वक्राशी मिळताजुळता वक्र मिळाला.

तेव्हा या प्रयोगाचे बळ सामग्रीच्या अर्थशून्यतेत नव्हते. असमानता पूर्णतः नाहीशी होणार नाही हे ओळखून एबिंगहाउसने निवड यदृच्छेवर सोपविली, मालिका वाढविल्या, सरासरीबरोबर तिची संभाव्य त्रुटीही दिली, आणि स्वतःच्या अपेक्षांचा निकालावर नकळत होणारा परिणाम हाही एक धोका म्हणून ग्रंथात विचारात घेतला. नियंत्रण म्हणजे सर्व विक्षेपांचे उच्चाटन नव्हे. जे उच्चाटित होत नाही त्याचा हिशेब ठेवणे, हेही नियंत्रणच होय. निरर्थक अवयवांची यादी जशीच्या तशी उचलणाऱ्यांपैकी अनेकांनी सामग्री घेतली, हा हिशेब मात्र घेतला नाही.