खेळण्यातले चाक आणि खरे सारथ्य

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना मोठ्या कारखान्यांचीच नावे पुढे येतात. परंतु घरी हत्यारे घेऊन बसलेल्या माणसाने तयार वस्तूत केलेल्या फेरफारांचाही एक इतिहास आहे. संगणकावरील मोटार-शर्यतीसाठी घेतलेले चाक आणि पेडल हौशी तरुण आज उघडतात, त्यांत नवे भाग बसवतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. तो खरोखर तसा आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

मूळ शोधू लागलो की आपण अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील ऑर्गनच्या कारखान्यात पोहोचतो. आपल्या संगीत नाटकांच्या रसिकांना ऑर्गनचा भाता नव्याने सांगावयास नको. कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याला विमानविद्येचा छंद होता. पण शिकवणी महाग. वडिलांच्या कारखान्यातील भाते आणि हवेचे पंप घेऊन त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, झुकणारे विमान तयार केले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांचे!

१९३४ साली अमेरिकेत हवाई टपालाचे काम अचानक लष्करी वैमानिकांवर पडले. अंधारात, धुक्यात केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा पुरेसा सराव त्यांना नव्हता. थोड्याच काळात डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची ६ यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर ५ लाखांवर वैमानिकांनी सराव केला.

रात्रीच्या टपालाची ही गोष्ट नागपूरकरांना परकी नाही. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने आपल्या नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत माघारी जात. १२ डिसेंबर १९५३ रोजी यांपैकी मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. १३ जण मृत्युमुखी पडले. अशा क्षणी हातापायांनी काय करावे हे ठरवण्यास अवसर नसतो. ते आधीच अंगवळणी पडलेले असावे लागते. सरावाच्या यंत्राचे मोल येथे आहे.

आता घरातल्या चाकाकडे वळू. पुष्कळशा स्वस्त संचांत ब्रेकचे पेडल पाय किती सरकला एवढेच मोजते. खऱ्या मोटारीत मात्र पाय किती जोराने दाबला यावर गाडीचे थांबणे अवलंबून असते. हे ओळखून कोणी पेडलमागे रबराचा ठोकळा बसवतो, कोणी लोड सेल जोडतो. लोड सेल म्हणजे किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच. भाराने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युत्-रोध बदलतो आणि त्यावरून जोर कळतो. तारेची ही युक्ती १९३८ सालची. वाण्याच्या काट्याचा जीव असा शर्यतीच्या पेडलात येतो, जसा ऑर्गनचा भाता विमानात गेला.

२०११ साली संगणकीय शर्यतीची स्पर्धा जिंकलेला यान मार्डनबरो हा ब्रिटनमधील तरुण २०१३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत उतरला.

मात्र एक मर्यादा विसरता कामा नये. खेळात गाडी आदळली तर डाव पुन्हा मांडता येतो. रस्त्यावर तो मांडता येत नाही. ते भय कोणतेही पेडल शिकवू शकत नाही. पण खरी गाडी पायाला किती जड लागते, असा प्रश्न ज्या मुलाला पडला आणि ज्याने त्यासाठी खेळणे उघडले, त्याच्या हातातील पेचकस हिसकावून घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.