शाळाबंदीचा लेखाजोखा

करोनाच्या साथीत शाळा बंद ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न वरकरणी एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न आहेत : शाळा बंद करणे, त्या बंदच ठेवणे आणि पुन्हा उघडताना लावलेला क्रम. महाराष्ट्राच्या अनुभवावरून या तिन्हींची उत्तरे सारखी येत नाहीत.

राज्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्यावर बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. विषाणू नवा होता आणि मुलांकडून घरातील वृद्धांना किती धोका आहे, याचा अंदाज कोणालाच नव्हता. फ्लूच्या साथीत शाळकरी मुले संसर्ग झपाट्याने पसरवतात, हा पूर्वानुभव मात्र गाठीशी होता. त्या वसंतात जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी होते. त्या क्षणीच्या माहितीवर घेतलेल्या या निर्णयाला दोष देणे कठीण आहे.

स्वीडनने वेगळी वाट धरली. तेथे सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालूच राहिल्या. मार्च ते जून २०२० या काळात १ ते १६ वयोगटातील सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी एकाचाही करोनाने मृत्यू झाला नाही. याला दुसरी बाजूही आहे. खुल्या शाळांतील शिक्षकांमध्ये संसर्गाचे प्रमाण घरून शिकवणाऱ्या उच्च माध्यमिक शिक्षकांच्या जवळपास दुप्पट आढळले. शाळा म्हणजे केवळ मुले नव्हेत, हे शाळाबंदीच्या टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे.

महाराष्ट्रात खरा वाद आहे तो पुढच्या काळाबद्दल. उपाहारगृहे व बार ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडले. नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत त्या नोव्हेंबरात, तर पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद करणे अपरिहार्यच होते. मात्र जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. लहान मुले हा संसर्ग चांगल्या रीतीने पेलतात. तेव्हा कर्मचाऱ्यांचे लसीकरण करून प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात, असे परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी तेव्हाच सुचवले होते.

राज्यात घडले ते नेमके उलट. ऑगस्टमध्ये शाळा सुरू करण्याचा आदेश निघाला, पण कृतिदलाच्या आक्षेपामुळे तो लगेच स्थगित झाला. ४ ऑक्टोबरला मोठ्या मुलांचे वर्ग भरले. मुंबईतील पहिली ते सातवीच्या मुलांना १५ डिसेंबरची वाट पाहावी लागली, म्हणजे तब्बल एकवीस महिने. ओमायक्रॉनमुळे ४ जानेवारी २०२२ पासून त्यांची शाळा पुन्हा बंद झाली, ती २४ तारखेपर्यंत. २०२० मध्ये पहिलीत गेलेले मूल शाळेची पायरी प्रथम चढले, तेव्हा ते दुसरीत होते!

ऑनलाइन शिक्षणाने ही पोकळी भरली, हा दावा टिकत नाही. ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदींनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० वंचित मुलांची पाहणी केली. ऑनलाइन नियमित शिकणारी मुले ग्रामीण भागात ८ टक्के, तर शहरांत २४ टक्के होती. त्याच वर्षी परीक्षेविना लागलेला राज्यातील दहावीचा निकाल मात्र ९९.९५ टक्के होता.

‘असर’ पाहणीनुसार देशात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ टक्के झाले. त्यावरून नुकसान भरून निघाले, असे काही जण म्हणतात. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले शाळाबंदीच्या वेळी पहिलीतही नव्हती. शिवाय ‘असर’ ग्रामीण भागापुरती असते. मुंबई-पुण्यातील मुलांचा हिशेब तीत नाही.