करकंबच्या घराला पडदा कधी लागला?

करकंबच्या आमच्या जुन्या घरात एकही पडदा नव्हता. त्याचे कारण गरिबी, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. तीन वर्षांपूर्वी ते घर उतरवून तिथे स्लॅबचे बांधले आणि आईच्या पश्चिमेकडच्या खोलीसाठी पडदे घ्यायला आम्ही पंढरपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने नमुन्यांच्या कापडांचे चार जाडजूड अल्बम पुढ्यात टाकले. ब्लॅकआउट, नेट, रोलर, झेब्रा. आईने ते उलटसुलट चाळले आणि विचारले, "ह्यातनं बाहेरचं दिसंल का?" दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, कुणाला काही दिसू नये म्हणून तर पडदा लावायचा." आम्ही काही न घेता परतलो. आईचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, आणि त्याचा माग काढता काढता माझी गरिबीची समजूत खोटी ठरली.

आमचे घर माळवदाचे होते. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, तुळयांवर दांडे, दांड्यांवर चिपा आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी म्हणून नव्हतीच. होता तो डोक्याच्या वर हातभर झरोका, तोही गजांचा. उजेड यायचा तो छतातल्या सान्यातून. दुपारी माजघरात त्या सान्याचा कवडसा पडे आणि तो कुठवर सरकला यावर आजी वेळ सांगे. चुलीचा धूरही तिथूनच जाई. पावसाचे थेंब वाजू लागले की आम्हा पोरांपैकी कोणीतरी माळवदावर धावत जाऊन सान्यावर पत्रा ओढायचे आणि वर दगड ठेवायचे. या घराचे झाकायचे तोंड आभाळाकडे होते. भिंतीला पडदा लावायला जागाच नव्हती. गरिबीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

हे केवळ गरिबांच्या घराचे नाही. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून होळकरांच्या आणि शिंदे सरकारांच्या वाड्यांकडे पाहावे. पैशाला तोटा नसलेल्यांनी बांधलेल्या त्या भिंती किल्ल्यासारख्या आहेत. वाड्याचे खरे तोंड आत, चौकाकडे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ साली पुरा झाला, त्याचा कोरीव लाकडी सज्जा रस्त्यावर येतो खरा, पण तो मिरवायचा दर्शनी भाग. आमच्या भागात ऊनही याच बाजूने बोलते. करकंब जवळजवळ अठरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर माथ्यावर येतो आणि पुन्हा जुलैअखेरीस. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. तापते ते छत, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंती. छताला मातीचा जाड थर आणि पश्चिमेला कोरी भिंत हा त्यावरचा उतारा होता.

मग पडदा हा शब्द आपल्याकडे होता तो कशासाठी? प्रामुख्याने माणसांसाठी. शब्द फारसी, आणि त्याचा सोबती 'गोषा' हाही फारसी. गोषा म्हणजे मुळात कोपरा. सरदार मराठा घराण्यांत गोषा होता तिथे दाराला, सज्जाला चीक असे. बांबूच्या बारीक कांब्या दोऱ्याने गुंफून केलेला हा पडदा. चीक ही वस्तू मोंगोलांबरोबर आली असावी, असा तर्क हॉब्सन-जॉब्सन या जुन्या अँग्लो-इंडियन कोशात दिला आहे. तंबूत राहणाऱ्यांची चीज बुरुडाच्या हाती येऊन वाड्यात स्थिरावली. साहेबांच्या बंगल्यांत चिकेच्या जोडीला वाळ्याच्या ताट्या आल्या. त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे, म्हणून त्या आमच्यासारख्यांच्या घरी येण्याचा प्रश्न नव्हता.

चिकेचा एक गुण मला फार उशिरा उमगला. दिवसा बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार असतो, तेव्हा चिकेआडून बाहेरचे सगळे दिसते, बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. आत कोंडलेल्या बाईला जगाशी ठेवलेला तेवढाच संबंध. गोषाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण पाहायचे आणि दिसायचे नाही ही सोय ज्या बायकांनी वापरली, त्यांना आईचा दुकानातला प्रश्न लगेच कळला असता.

भिंतींना भोके पाडा, असे सरकारने पहिल्यांदा दटावून सांगितले ते प्लेगात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच सोलापूरलाही त्याचा जबर तडाखा बसला. रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो या समजुतीने अधिकाऱ्यांनी घरांची कौले उतरवली, भिंतींत झरोके पाडले. प्लेगचे मूळ उंदरावरच्या पिसवांत आहे हे नंतर सिद्ध झाले, पण खिडकी हे आरोग्याचे लक्षण ही कल्पना राहिली आणि पुढे शहरांच्या बांधकाम-नियमांत शिरली. खेड्यात मात्र माळवदे होती तशीच राहिली.

खेड्यात पडदा आणला तो, माझ्या मते, विजेने. आमच्याकडे कंदील होता. ओगलेवाडीच्या १९१६ सालच्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील त्या काळी घरोघर असे. कंदिलाचा उजेड पाटापुरता. भिंतीला खिडकी असती तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले फारसे दिसले नसते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव खांब पोचले. साठचा दिवा लागला की उजेडाचे गणित उलटे होते. बाहेर अंधार, आत लख्ख. आतल्याला बाहेरचे दिसत नाही, बाहेरच्याला जेवणाच्या ताटातली भाकरीसुद्धा दिसते. ज्यांच्या घराला खिडक्या होत्या त्यांनी तेव्हा दोरीवर जुने लुगडे टाकले. आमच्या आळीतला मला आठवणारा पहिला पडदा असाच, नऊवारीच्या तुकड्याचा.

पुढचे सगळे झपाट्याने झाले. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याच्या पाण्यावर ऊस आला आणि उसाबरोबर पैसा. सिमेंट तोवर परवान्यावर मिळे. त्याच्या वाटपावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना जानेवारी १९८२मध्ये पायउतार व्हावे लागले आणि पुढच्याच महिन्यात सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले. ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकले. उरलेल्यांच्या मनातून माळवद उतरले ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्यासारखीच जाड भिंतींची, मातीच्या छतांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. आमच्याकडे पडझड झाली नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस लोक अंगणात झोपले. आई तर दसऱ्यापर्यंत आत निजली नाही. ज्या छताने चाळीस उन्हाळे सोसले, त्याची तिला भीती वाटू लागली होती. माळवदाच्या गारव्याविषयी आज गोड लिहिणाऱ्यांनी ती पहाट विसरू नये.

तरी आमचे माळवद आणखी बरीच वर्षे टिकले. ते उतरवले तेव्हा सानेही गेले. उजेड आणि वारा घ्यायला भिंतीच उरल्या, आणि बांधणाऱ्याने नकाशात पश्चिमेला पाच फुटी सरकत्या काचांची खिडकी काढली. पूर्वजांनी जी भिंत जाणून कोरी ठेवली, तीच आम्ही उघडी केली. काचेतून ऊन आत येते, तापलेल्या भिंती-फरशीची उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर जात नाही. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो ते काच ओलांडून आल्यावर. तोवर बराचसा ताप घरात आलेला असतो. बाहेरच्या बाजूने लावलेली चीक ते काचेपाशी पोचूच देत नाही. हे कळल्यावर पंढरपुरातला एक बुरूड गाठला. घराच्या खिडकीसाठी चीक मागायला बऱ्याच वर्षांनी कोणी आले, असे तो म्हणाला. एरवी त्याचे गिऱ्हाईक रसवंतीवाले. त्याने मापापेक्षा वीतभर रुंद करायला सांगितले, कारण बाजूच्या फटीतून येणारे ऊन जास्त टोचते.

आतून रात्रीसाठी सोलापूरची जुनी जाड चादर लावली. मूळची ती पांघरायची, पण दोन्ही बाजूंनी नक्षी असल्याने खिडकीला शोभते, आणि ती धुऊन धुऊन मऊ झाली आहे. फाटकापाशी कोण आले ते आई आता खाटेवरूनच सांगते. फक्त दिवेलागणीला आतला पडदा ओढायची तिला आठवण करावी लागते.