एअरब्रश घेताय? छोट्या मूर्तींसाठी सुई किती बारीक हवी आणि कॉम्प्रेसर कोणता?

दिवाळी जवळ आली की जुन्या-नव्या सांगवीतल्या सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहू लागतात. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, पायथ्याशी गवळण आणि गुहेत हमखास एक वाघ. किल्ल्यावरची ही चित्रं आधी मातीची होती, मग प्लास्टर ऑफ पॅरिसची आली. आता घरगुती रेझिन थ्रीडी प्रिंटरमुळे बोटाच्या पेराएवढ्या मावळ्याच्या अंगरख्याच्या चुण्या आणि ढालीवरची फुलंही स्पष्ट उमटतात. अडचण रंगवताना येते. ब्रशने रंगाचा एक जाड हात फिरला की त्या चुण्या बुजतात.

म्हणून अनेकजण एअरब्रशकडे वळतात. ऑनलाइन शोधलं तर हजार-दोन हजारांपासून दहा हजारांच्या बऱ्याच पुढे किमती जातात आणि दिसायला सगळे सारखेच. चुकीचा घेतला तर पैसे जातातच, पण पहिल्या महिन्यात वैतागून छंदही सुटतो.

एअरब्रश म्हणजे नेमकं काय?

पेनासारखा हातात धरायचा छोटा स्प्रे. दाबाखालची हवा नोझलमधून बाहेर पडते, सोबत पातळ रंग ओढून घेते आणि त्याचे बारीक तुषार करते. नोझलच्या आत एक निमुळती सुई असते. ती जितकी मागे सरकेल तितका रंग जास्त. अमेरिकेत १८७० च्या दशकाच्या अखेरीस ॲबनर पीलर यांनी याचं पहिलं रूप बनवलं आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी आजच्या एअरब्रशच्या जवळ जाणारी रचना केली. छायाचित्रांवर हात फिरवणं हे त्याचं सुरुवातीचं मोठं काम होतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये स्प्रे पेंटिंग कोणाला नवीन नाही. कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गन दिसते. पण गाडीच्या गनचं नोझल साधारण १.३ ते १.४ मिलिमीटरचं असतं, तर छोट्या मूर्तींच्या एअरब्रशचं ०.२ ते ०.५ मिलिमीटर. त्यामुळे गॅरेजमधला रंग आणि गॅरेजमधला दाब, दोन्ही इथे उपयोगाचे नाहीत.

०.२ घ्यावा की ०.४?

सर्वाधिक चुका इथेच होतात. 'प्रिसिजन' हा शब्द वाचून नवखा माणूस थेट ०.२ मिलिमीटरची सुई घेतो. ती बारीक रेघ देते हे खरं, पण रंग दुधापेक्षाही पातळ आणि पूर्ण गाळलेला असेल तरच. ॲक्रिलिक रंग नोझलच्या टोकाशी वाळतो आणि दर दोन मिनिटांनी काम थांबतं. पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत तर जास्तच. धातूच्या छटेच्या रंगात चमकीचे कण असतात, प्रायमर दाट असतो. हे दोन्ही ०.२ मधून नीट जात नाहीत.

पहिला एअरब्रश ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा असावा. त्यातून प्रायमर थोडा पातळ करून जातो, मूळ रंग जातो आणि हात बसल्यावर बऱ्यापैकी बारीक छटाही काढता येते. रेघ किती बारीक येणार हे सुईइतकंच रंगाचा पातळपणा, दाब आणि मूर्तीपासूनचं अंतर यांवर ठरतं. जपानच्या इवाटा कंपनीचा एक्लिप्स एचपी-सीएस जगभर वापरला जातो, त्याची सुई ०.३५ ची आहे. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकच्या काही मॉडेलांत ०.२ आणि ०.४ असे दोन्ही संच बदलून लावता येतात. ही सोय सुरुवातीला चैन वाटेल, वर्षभराने वाटणार नाही.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ट्रिगर 'ड्युअल ॲक्शन' हवा, म्हणजे खाली दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग. सिंगल ॲक्शन शिकायला सोपा, पण मावळ्याच्या गालावर सावली टाकताना रंग कमी-जास्त करता येत नाही. दुसरं, रंगाचा कप वरच्या बाजूला हवा. रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, कमी दाबात काम होतं आणि चार थेंबांतही भागतं. खाली बाटली लटकणारे प्रकार मोठ्या पृष्ठभागासाठी ठीक.

स्वस्त कॉपी घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, फक्त काय घेतोय ते माहीत हवं. या एअरब्रशमध्ये दोष बहुधा तीन जागी असतो: सुईचं टोक खरखरीत, नोझलचं भोक मध्यावर नसणं आणि आतले सील साध्या रबराचे. लॅकर थिनरने असं रबर फुगतं आणि ट्रिगर अडकतो. सील पीटीएफईचे आहेत का, हे विचारून घ्यावं. अनेक स्वस्त प्रकारांत नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि पान्याने आवळावं लागतं. जरा जोर जास्त झाला की आटे तुटून अर्धा भाग आतच राहतो. नुसतं बसवायचं, आपोआप मध्यावर येणारं नोझल नवशिक्यासाठी कितीतरी बरं.

खरेदीआधी सुटं नोझल आणि सुई भारतात मिळते का, हे पाहणं किमतीपेक्षा महत्त्वाचं. सुई एकदा तरी वाकणारच. सुटा भाग परदेशातून मागवायचा असेल, तर महिनाभर एअरब्रश कपाटात.

पाइपच्या जोडणीचाही घोळ असतो. बहुतेक एअरब्रशना १/८ बीएसपी आटे असतात, पण अमेरिकेच्या बॅजर आणि पाशे यांचे आटे वेगळे आहेत. त्यांना अडॅप्टर लागतो.

कॉम्प्रेसरचं काय?

खर्चाचा मोठा भाग इथेच. सांगवीशेजारी, पवनेपलीकडे दापोडीत ॲटलास कॉप्को ही कॉम्प्रेसर बनवणारी स्वीडिश कंपनी कित्येक दशकं आहे आणि एमआयडीसीत कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही. त्यामुळे 'ओळखीच्या वर्कशॉपमधला जुना आणू' हा विचार इथे पटकन येतो. तो चालतो, पण अटींवर. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर ८ बारपर्यंत दाब देतो, तर छोट्या मूर्तींसाठी १ ते दीड बार, म्हणजे साधारण १५ ते २२ पीएसआय, पुरतो. प्रायमरला थोडा जास्त. म्हणून रेग्युलेटर हवाच. तेलावर चालणाऱ्या यंत्राच्या हवेत तेलाचा अंश येतो, तो गाळणारा फिल्टर हवा. आणि रात्री दहा वाजता फ्लॅटमध्ये तो सुरू केला, तर खालचे काका वर येणार हे धरून चालावं.

घरासाठी एक-पंचमांश एचपीचा, तेलाशिवाय चालणारा आणि ३ लिटरची टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर बहुतेकांना पुरतो. टाकीमुळे हवा धक्क्याधक्क्याने न येता एकसारखी येते आणि दाब भरला की मोटर आपोआप थांबते. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवताना व्होल्टेज पाहावं: अमेरिकेतलं ११० व्होल्टचं यंत्र इथल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळेल. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरपासून घरी यंत्र बनवणारेही आहेत. आवाज खरंच कमी होतो, पण दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली टाकी घरात ठेवू नये.

पावसाळ्यात पाण्याचाही प्रश्न येतो. दमट हवा दाबली की पाइपमध्ये पाणी साचतं आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर अचानक थेंब उडतो. मॉइश्चर ट्रॅप लावावा आणि काम संपल्यावर टाकीतलं पाणी काढून टाकावं.

मास्क लागतोच का?

लागतो. पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिकचे तुषारही फुफ्फुसात जातात, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क आणि उघडी खिडकी ही किमान तयारी. लॅकर किंवा थिनरवर चालणाऱ्या रंगांची वाफ मात्र एन-९५ अडवत नाही. त्याला कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. लहान मुलं त्याच खोलीत झोपत असतील, तर थिनरचे रंग घरात नकोतच. आणि थिनर फवारताना जवळ देवघरातला दिवाही पेटता नसावा.

मग ब्रश फेकून द्यायचा?

मुळीच नाही. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणच्या कारखान्यांत अंगाचा रंग आणि शेडिंग गनने होतं, पण डोळ्यांची आखणी कसलेला कारागीर हातातल्या ब्रशनेच करतो. छोट्या मूर्तीतही कामाची वाटणी हीच राहते. आधी काळा प्रायमर, मग वरून तिरका पांढरा फवारा, म्हणजे ऊन पडल्यासारखी उजेड-सावली आपोआप तयार होते. त्यावर अंगरखा, शेला, घोडा यांचे पातळ थर. डोळे, मिशा आणि तलवारीची मूठ ब्रशने.

पहिले काही दिवस मूर्तीवर हात न टाकता कागदावर ठिपके आणि रेघा काढाव्यात. रंग बदलताना कप धुवावा. दिवसाचं काम संपल्यावर सुई मागच्या बाजूने काढून पुसावी, तिचं टोक कापडात अडकू न देता. साफसफाईला रोज पाच-दहा मिनिटं जातात. तेवढी द्यायची तयारी नसेल, तर महागडा एअरब्रशही आठवड्यात तुंबतो.