तपकिरी होला

तपकिरी होला (शास्त्रीय नाव : स्पिलोपेलिया सेनेगालेन्सिस) हा कपोत कुलातील (कोलंबिडी) लहान आकाराचा पक्षी आहे. त्याला छोटा होला किंवा नुसते होला असेही म्हणतात. काही भागांत होल्यांना कवडा म्हणण्याची पद्धत आहे. हिंदीत त्याला फाख्ता व पंडुक ही नावे आहेत. पारवा आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे याच कुलातील पक्षी होत. कोरड्या, उघड्या प्रदेशात, शेतांत, बागांत व मनुष्यवस्तीत हा पक्षी आढळतो. खिडकीचे गज, सज्जा, वळचण, फुलझाडांच्या कुंड्या अशा घरालगतच्या जागी तो वारंवार घरटे करतो. त्यामुळे अंडी घालण्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंतचा त्याचा जीवनक्रम माणसाला अगदी जवळून पाहता येतो.

नाव व वर्गीकरण

कार्ल लिनीअस यांनी १७६६ साली आफ्रिकेतील सेनेगल येथील पक्ष्यावरून या जातीचे वर्णन केले. जातिवाचक नावात त्या देशाचा उल्लेख त्यामुळेच आला आहे. भारतात आढळणाऱ्या उपजातीचे नाव 'कँबायेन्सिस' असून ते गुजरातमधील खंबायतवरून पडले आहे. योहान फ्रीडरिख ग्मेलिन यांनी १७८९ साली हे नाव दिले. ठिपकेवाल्या होल्याच्या भारतीय प्रकाराला त्यांनीच त्याच वर्षी सुरतेवरून 'सुरातेन्सिस' असे नाव दिले. त्यामुळे भारतातील या दोन परिचित होल्यांची शास्त्रीय नावे पश्चिम किनाऱ्यावरील दोन जुन्या बंदरांची आठवण जपून आहेत. पूर्वी या दोन्ही जाती 'स्ट्रेप्टोपेलिया' प्रजातीत गणल्या जात. आता त्यांची 'स्पिलोपेलिया' ही स्वतंत्र प्रजाती मानली जाते.

वर्णन

तपकिरी होल्याची लांबी साधारणपणे २५ सेंमी. असते. शरीर सडपातळ व शेपूट लांब असते. डोके, मान व छातीवर गुलाबी झाक असून पाठ तपकिरी असते. पंखांच्या कडेला निळसर राखाडी पट्टा असतो. गळ्याच्या पुढच्या भागावर तांबूस रंगात काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. ही ओळखीची मुख्य खूण होय. उडताना पसरलेल्या शेपटीची पांढरी टोके स्पष्ट दिसतात. पाय लालसर असतात. नर व मादी दिसायला सारखेच असून पिल्लांच्या गळ्यावर ठिपक्यांची जाळी नसते.

आवाज मंद व घुमणारा असून तो दबक्या हसण्यासारखा वाटतो. या पक्ष्याच्या इंग्रजी नावाचा उगम या हसण्यातच आहे.

घराच्या परिसरात दिसणाऱ्या इतर कपोतांपासून तो सहज वेगळा ओळखता येतो. ठिपकेवाला होला आकाराने थोडा मोठा असून त्याच्या मानेच्या मागच्या भागावर काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके आणि पाठीवर फिकट ठिपके असतात. कंठी होल्याच्या मानेमागे एकच अरुंद काळी रेघ असते. पारवा या सर्वांहून जाडजूड, निळसर राखाडी रंगाचा असून त्याच्या पंखांवर दोन काळे पट्टे असतात.

आढळ

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका, अरबस्तान, इराण, मध्य आशिया आणि भारतीय उपखंड असा या पक्ष्याचा विस्तृत प्रदेश आहे. १८९८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील प्राणिसंग्रहालयातून सोडलेल्या पक्ष्यांमुळे तो पश्चिम ऑस्ट्रेलियातही रुजला. भारतात पर्जन्यछायेतील कोरडे प्रदेश, माळराने, काटेरी झुडपांची राने आणि जिरायती शेती त्याला अधिक मानवते. जास्त पावसाच्या व दाट झाडीच्या भागांत ठिपकेवाला होला अधिक दिसतो. अनेक गावांत व शहरांत दोन्ही जाती एकत्र आढळतात.

अन्न

गवताचे बी, सांडलेले धान्य व इतर बिया हे त्याचे मुख्य अन्न होय. तो बहुधा जमिनीवर जोडीने किंवा लहान गटाने चरतो. वाळवी, मुंग्या यांसारखे कीटकही तो क्वचित खातो. चिमणी किंवा कोंबडी पाण्याचा घोट घेऊन मान वर करते. होले व पारवे मात्र चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता पाणी ओढून घेतात.

घरटे व वीण

भारतात या पक्ष्याची वीण वर्षाच्या बहुतेक महिन्यांत होऊ शकते. नर फुगून, मान खालीवर करत मादीभोवती फिरतो, तसेच हवेत उंच झेप घेऊन पंख न हलवता तरंगत खाली येतो. जागा ठरल्यावर नर काटक्या, मुळे व वाळलेल्या गवताच्या काड्या एकेक करून आणतो आणि मादी त्या रचते.

घरटे म्हणजे काटक्यांची विरळ, उथळ बैठक असते. अनेकदा खालून पाहिल्यास तिच्यातून अंडी दिसतात. सुगरणीच्या खोप्याशी तुलना करून होल्याला आळशी ठरवले जाते. परंतु थोड्या काटक्यांचे घरटे लवकर उभे राहते आणि ते मोडले तरी फारसे श्रम वाया जात नाहीत. घरटे पुष्कळदा लुटले जाते आणि वीण वर्षभर पुन्हापुन्हा होते, अशा पक्ष्याला ही काटकसर सोयीची असते. एखादी जागा सुरक्षित ठरल्यास तीच जोडी त्याच घरट्यात लागोपाठ विणी काढते.

मादी सहसा दोन पांढरी अंडी घालते. नर व मादी दोघेही अंडी उबवतात. कपोत कुलात दिवसाचा मधला बराच वेळ नर आणि उरलेला वेळ व रात्रभर मादी अंड्यांवर बसते. दोघे सारखेच दिसत असल्याने एकच पक्षी दिवसभर बसून आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटतात आणि त्यानंतर आणखी सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. शत्रू जवळ आल्यास जखमी झाल्याचे सोंग करून त्याला घरट्यापासून दूर नेण्याचे वर्तन या पक्ष्यात नोंदले गेले आहे. कावळे, भारद्वाज, मांजरे व साप हे अंडी आणि पिल्लांचे प्रमुख शत्रू होत.

कपोतदुग्ध

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांचे डोळे मिटलेले असतात व अंगावर विरळ, पिवळसर लव असते. त्यांना दाणे पचत नाहीत. पहिल्या काही दिवसांत आईबाप त्यांना कपोतदुग्ध भरवतात. हा दह्यासारखा पदार्थ मोठ्या पक्ष्यांच्या अन्नपुटाच्या आतील अस्तराच्या पेशी सुटून तयार होतो. त्यात प्रथिने व स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. नर आणि मादी दोघांच्याही शरीरात ते तयार होते. सस्तन प्राण्यांमध्ये दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हेच संप्रेरक येथेही कार्य करते. ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली या संप्रेरकाला नाव दिले, ते कबुतराच्या अन्नपुटावरील प्रयोगांच्या आधारेच.

पुढे हळूहळू या दुधात भिजलेल्या बिया मिसळल्या जातात. बहुतेक पक्ष्यांची पिल्ले चोच उघडून घास मागतात. होल्याचे पिल्लू मात्र आपली चोच आईबापाच्या चोचीत घालून अन्न घेते.

माणसाचा सहवास

घराजवळच्या जागा होल्याला ऊन, पाऊस व वारा यांपासून आडोसा देतात. माणसाचा सततचा वावर असल्याने तेथे कावळ्यासारख्या शत्रूंचा उपद्रव कमी होत असावा. मात्र घरातच काही धोकेही असतात. फिरता पंखा, खिडकीची काच, पाळीव मांजर आणि पतंगाचा मांजा यांमुळे मोठे पक्षी व नुकती उडू लागलेली पिल्ले जखमी होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन व तत्सम कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या सुमारास अशा दुखापती घडतात.

माणसाने हात लावलेले पिल्लू आईबाप टाकून देतात, हा समज खरा नाही. खाली पडलेले, पिसे न फुटलेले पिल्लू परत घरट्यात ठेवल्यास ते त्याला पुन्हा भरवू लागतात. घरटेच मोडले असल्यास जवळच्या सुरक्षित जागी काड्या पसरलेली उथळ टोपली बांधून तीत पिल्लू ठेवता येते. पिसे फुटलेले आणि फडफडत जमिनीवर उतरलेले पिल्लू बहुधा अनाथ नसते. आईबाप आसपासच असतात व त्याला भरवत राहतात. पिल्लाच्या चोचीत पाणी किंवा गाईचे दूध ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावण्याची भीती असते.

पारवा व आरोग्याचा प्रश्न

होला व पारवा यांचा माणसाशी येणारा संबंध वेगवेगळ्या स्वरूपाचा आहे. पारवा हा मूळचा कडेकपारीत थव्याने राहणारा पक्षी असून उंच इमारतींचे कठडे व वातानुकूलन यंत्रांच्या मागच्या जागा त्याला कड्यांसारख्याच सोयीच्या ठरतात. मोठे थवे एकाच जागी वर्षानुवर्षे राहिल्याने तेथे विष्ठेचे थर साचतात. वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा फुफ्फुसदाह होऊ शकतो. विष्ठेतून बुरशीजन्य संसर्गही पसरू शकतात. २०२५ साली मुंबईत महानगरपालिकेने दादरच्या कबुतरखान्यासह शहरातील कबुतरखान्यांवर केलेली कारवाई आणि मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणी यांमुळे या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. त्यात एका बाजूला सार्वजनिक आरोग्य आणि दुसऱ्या बाजूला पक्ष्यांना दाणे घालण्यामागची धार्मिक व भूतदयेची भावना होती.

तपकिरी होले इमारतींवर अशी मोठी वसाहत करत नाहीत. त्यांची जोडी स्वतंत्र घरटे करते. तथापि, त्यांच्या घरट्याच्या कडेलाही पिल्लांची विष्ठा साचते. पिल्ले उडून गेल्यावर ती जागा कोरडी न झाडता आधी पाण्याने भिजवून, नाकातोंडावर आवरण बांधून साफ करणे सुरक्षित असते. दमा किंवा फुफ्फुसांचा विकार असलेल्या व्यक्तीने हे काम टाळणे इष्ट होय.

साहित्य व लोकसमजुती

संस्कृतात होला व पारवा या दोहोंसाठी 'कपोत' हा शब्द येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त घरात आलेल्या कपोताविषयी आहे. त्यात तो निर्ऋतीचा दूत मानला असून त्याच्या येण्याने अनिष्ट होऊ नये, अशी प्रार्थना आहे. महाभारतातील चित्र याच्या उलट आहे. शांतिपर्वातील कथेत आपल्या मादीला पकडणाऱ्या व्याधालाच अतिथी मानून कपोत त्याच्यासाठी अग्नीत उडी घेतो. शिबी राजाच्या कथेत शरण आलेल्या कपोतासाठी राजा स्वतःचे मांस देतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये कपोताचा समावेश आहे. पिल्ले व मादी जाळ्यात सापडलेली पाहून मोहाने स्वतःही जाळ्यात शिरणारा हा कपोत अतिआसक्तीचे उदाहरण म्हणून येतो. या स्कंधावरील संत एकनाथांच्या टीकेमुळे, म्हणजेच एकनाथी भागवतामुळे, हे आख्यान मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले.

संरक्षण

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीचा समावेश 'कमी चिंताजनक' वर्गात केला आहे. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील मूळ चौथ्या अनुसूचीत पारवा वगळून कपोत कुलातील पक्ष्यांना संरक्षण होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. या अधिनियमातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे तसेच त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे. घरटे नको असल्यास काटक्या आणण्याच्या सुरुवातीलाच ती जागा झाकणे हा निरुपद्रवी उपाय होय. अंडी घातल्यानंतर साधारण महिनाभर वाट पाहिल्यास पिल्ले उडून जातात आणि त्यानंतर जागा मोकळी करता येते.