कॅन्सर हाडांत पसरल्यावर वेदना कमी करणारं किरणोत्सारी इंजेक्शन काय असतं?

प्रोस्टेट आणि स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा अनेकदा हाडं गाठतो. कंबर, बरगड्या, मांडी, पाठीचा कणा ठणकायला लागतो. रात्री कूस बदलणंही अवघड होतं. गोळ्यांचा डोस वाढत जातो आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, "आता सहन करण्यावाचून इलाज नाही."

पण इलाज असतो. त्यातलाच एक म्हणजे शिरेतून दिलं जाणारं किरणोत्सारी औषध.

हे काम कसं करतं?

कॅन्सरने पोखरलेल्या जागी हाड स्वतःची डागडुजी करत असतं. त्यासाठी ते कॅल्शियम जास्त ओढून घेतं. स्ट्रॉन्शियम-८९ शरीराला कॅल्शियमसारखंच वाटतं. समेरियम-१५३ आणि ल्युटेशियम-१७७ यांना ईडीटीएमपी या हाडाला चिकटणाऱ्या रेणूची जोड देतात. औषध दुखऱ्या जागी जमा होतं आणि त्यातून निघणारे बीटा कण काही मिलिमीटरमध्येच थांबतात.

दुखणं एकाच जागी असेल तर बाहेरून रेडिएशन देता येतं. पण दहा ठिकाणी दुखत असेल तर? तिथे हे इंजेक्शन उपयोगी पडतं.

हे आपल्याकडे बनतं का?

हो. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राची 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. समेरियम आणि ल्युटेशियम तिथे तयार होतं. वाशीची 'ब्रिट' ही सरकारी संस्था अशी औषधं हॉस्पिटलांना पुरवते.

पंढरपूरच्या रुग्णाने काय लक्षात ठेवायचं?

हे औषध मेडिकलमध्ये साठवून ठेवता येत नाही. समेरियम-१५३ ची ताकद सुमारे ४६ तासांत निम्मी होते, ल्युटेशियम-१७७ ची साधारण पावणेसात दिवसांत. म्हणून रुग्णाची तारीख ठरवून औषध मागवलं जातं. ते न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या परवानाधारक केंद्रातच मिळतं. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायचं असेल, तर वारीच्या गर्दीचे आणि बंद रस्त्यांचे दिवस टाळून तारीख घ्या. ती चुकली तर औषध वाया जातं.

आधी बोन स्कॅन होतो, रक्त आणि किडनीची तपासणी होते. प्लेटलेट्स फार कमी असतील, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असेल किंवा हाड मोडायच्या बेतात असेल, तर आधी दुसरे उपचार करावे लागतात. गरोदर महिलांना हे देत नाहीत.

आराम किती आणि कधी?

निम्म्याहून जास्त रुग्णांना फरक पडतो. समेरियमने साधारण आठवडाभरात, स्ट्रॉन्शियमने दोन-चार आठवड्यांत. आराम काही महिने टिकू शकतो. सुरुवातीचे काही दिवस काहींचं दुखणं उलट वाढतं. ते तात्पुरतं असतं, घाबरू नका. पुढचे काही आठवडे रक्तपेशी कमी होतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. चालू गोळ्या किंवा मॉर्फिन स्वतःहून बंद करू नका.

घरच्यांना धोका आहे का?

शेजारी बसून बोलायला, जेवण द्यायला हरकत नाही. पण औषधाचा बराच भाग लघवीतून बाहेर पडतो. सुरुवातीचे दिवस रुग्णाने बसून लघवी करावी, भरपूर पाणी ओतावं, हात धुवावेत. लहान मुलं आणि गरोदर महिलांपासून किती दिवस अंतर ठेवायचं, एसटीने परत जायचं का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

यामुळे कॅन्सर बरा होतो का?

नाही. बीटा किरणांची ही औषधं प्रामुख्याने वेदनेसाठी आहेत. रेडियम-२२३ हे अल्फा कणांचं औषध थोडं वेगळं आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेल्या या औषधाने, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या चाचणीत रुग्णांचं सरासरी आयुष्य ११.३ वरून १४.९ महिन्यांवर गेलं होतं.

पण शांत झोप, स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत जाणं, यालाही किंमत आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: "आमच्या पेशंटला हे इंजेक्शन चालेल का?"