बॅलीहॉनिस : आयर्लंडमधलं बाजाराचं गाव आणि तिथली मशीद

आयर्लंड म्हटलं की आपल्याकडे पटकन लिओ वराडकर आठवतात. मालवण तालुक्यातल्या वराड गावाच्या डॉक्टरांचा हा मुलगा २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. पण त्याच देशाच्या पश्चिमेला मेयो काउंटीत असं एक छोटं गाव आहे, ज्याची ओळख मुस्लिम घरांनी करून घ्यायलाच हवी. गावाचं नाव बॅलीहॉनिस. आयर्लंड प्रजासत्ताकात खास मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत राजधानी डब्लिनमध्ये नव्हे, तर या गावात १९८७ मध्ये उभी राहिली.

गाव कसं वसलं?

डलगन नदीकाठच्या टेकाडावर मध्ययुगात ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ उभा राहिला. त्याच्या आसपास रस्ते एकत्र आले, बाजार भरू लागला, गाव वाढलं. १८६१ मध्ये रेल्वे आली आणि गुरं-मेंढरांच्या व्यापाराला जोर आला. आजही डब्लिन ते वेस्टपोर्ट गाडी इथे थांबते.

पण मेयोचा इतिहास मुख्यतः गाव सोडून गेलेल्या माणसांचा आहे. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं आणि भीषण दुष्काळ पडला. १८४१ च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या ३,८८,८८७ होती, ती १८५१ मध्ये २,७४,४९९ उरली. लाखभर माणसं मेली किंवा जहाजानं परदेशी गेली. पुढेही इथले पुरुष दरवर्षी इंग्लंडमध्ये कापणीच्या मजुरीला जात. घरचा कर्ता बाहेरगावी आणि चूल त्याच्या मनीऑर्डरवर, हे कोकणातल्या घरांना वेगळं सांगायला नको. जमीनदारांच्या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांची चळवळ १८७९ मध्ये याच काउंटीत सुरू झाली.

मुस्लिम इथे कसे आले?

ज्या गावातून माणसं बाहेर जात होती, तिथे १९७० च्या दशकात उलटं घडलं. पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शेर रफीक यांनी इथे हलाल मांसाचा कारखाना काढला. गुरं-मेंढरं भोवतालच्या शेतकऱ्यांकडे होतीच आणि हलाल मांसाला परदेशात गिऱ्हाईक होतं. फक्त शरिअतप्रमाणे जबिहा करणारे हात हवे होते. ते पाकिस्तानातून आले, नंतर सीरियासारख्या देशांतूनही आले. आधी एकटे पुरुष आले, मग बायका-मुलं आली. जमात वाढली तशी नमाजासाठी जागा हवी झाली आणि रफीक यांच्याच पुढाकारानं मशीद बांधली गेली. डब्लिनमधल्या मुस्लिमांनी १९८३ मध्ये एक जुनं चर्च विकत घेऊन तिथे मशीद केली होती. इथे मात्र पायापासून मशीदच बांधली.

रोजचं जगणं

इथे नमाजाच्या वेळा सांभाळणं ही मोठी कसोटी. जूनमध्ये मगरिब रात्री दहाच्या सुमारास होते, डिसेंबरमध्ये दुपारी सव्वाचारच्या आसपास. २०१६ चा रमजान जूनमध्ये आला तेव्हा रोजा अठरा तासांच्याही पुढे जात होता, आणि तोही कामाच्या पाळ्या सांभाळून!

आयर्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या अखत्यारीत आहेत. त्यामुळे मुस्लिम मुलं आयरिश मुलांच्या शेजारी बसूनच शिकली. खेळाचं मैदान हा दुसरा दुवा. मेयो काउंटी गेलिक फुटबॉलची, पण बॅलीहॉनिस हर्लिंगसाठी प्रसिद्ध. लाकडी काठीनं चेंडू मारण्याचा हा अस्सल आयरिश खेळ इथली मुस्लिम मुलंही खेळतात. पाकिस्तानात जन्मलेला आणि याच गावात वाढलेला शैरोज अक्रम मेयोच्या २१ वर्षांखालील संघातून गेलिक फुटबॉल खेळला. त्या संघानं २०१६ मध्ये अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं.

सगळं गोडच आहे असं नाही. गावातल्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आश्रय मागणाऱ्यांचं केंद्र आहे. अशा केंद्रांत कुटुंबं वर्षानुवर्षं निकालाची वाट पाहत राहिली आणि २०१८ पर्यंत त्यांना काम करण्याचीही परवानगी नव्हती. २०२० च्या रमजानमध्ये, कोरोनाच्या काळात, गावच्या कॅथलिक चर्चमध्ये मुस्लिम रहिवाशांना दुआसाठी बोलावलं गेलं. त्यावर टीका झाली, पण बोलावणाऱ्या धर्मगुरूंनी आपली भूमिका सोडली नाही.

आकडे काय सांगतात?

२०१६ च्या जनगणनेत गावच्या ३९.५ टक्के रहिवाशांकडे आयरिश नागरिकत्व नव्हतं. आयर्लंडच्या कोणत्याही गावापेक्षा हे प्रमाण जास्त होतं. देशभरात १९९१ मध्ये मुस्लिम चार हजारांच्या आत होते. २०२२ मध्ये ते ८० हजारांच्या वर गेले.

आपण काय घ्यायचं?

आपली मुलंही आता नोकरी-शिक्षणासाठी दूरदेशी जातात. कुठेही गेलं की मशीद कुठे आणि हलाल कुठे मिळतं, हे आपण आधी विचारतो. विचारायलाच हवं. पण बॅलीहॉनिसमध्ये माणसं रोजगारामुळे आली, मशिदीमुळे एकत्र राहिली आणि शाळा-मैदानामुळे गावाची झाली. यातली एकही गोष्ट वगळली असती, तर कारखान्याची पाळी संपल्यावर ती परकीच राहिली असती. म्हणून मुलांना निरोप देताना मशिदीचा पत्ता द्या, आणि शेजाऱ्याचं दार वाजवायलाही सांगा.